छर्रा, चुंबक आणि मेसचं बिल

जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर कधी बंदूक चालवली नाही असा प्राणी आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणं अवघड आहे. नळी किंचित वाकडी, खटका ढिला, नेम धरावा निळ्या फुग्यावर आणि फुटावा शेजारचा पिवळा! तरी पाचातले तीन फुटले की आपण स्वतःला मोठे नेमबाज समजायला लागतो. स्टॉलवाला त्या बंदुकीत कसला छर्रा भरतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. सेकंड इयरला हा प्रश्न माझ्यापुढे आला, तो थेट मेसच्या बिलाचा हात धरून.

त्याचं असं झालं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. टीव्ही रूममध्ये आरडाओरडा झाला आणि आमच्या विंगमध्ये नेमबाजीची साथ पसरली. बाकीच्यांचा ताप आठवडाभरात उतरला, माझा उतरला नाही. गावात १० मीटरची एक इनडोअर रेंज आहे. तिथं रायफल रेंजची मिळते, मासिक फी परवडण्यासारखी आहे, पण छर्रे ज्याचे त्यानं आणायचे.

इथंच खरी गंमत आहे. रायफल एकदाच घ्यायची असते किंवा मागून आणता येते. छर्रा मात्र रोज लागतो. स्पर्धेत ६० छर्रे मोजले जातात, त्याआधी सरावाचे वेगळे. दिवसाला ८० धरा. ५०० छर्‍यांचा डबा सहा दिवसांत रिकामा होतो आणि सातव्या दिवशी आपण पुन्हा दुकानात उभे! मेसचं बिल भरायचं की डबा आणायचा, असा विचार मी दोनदा केला आहे. एकदा चुकीचं उत्तरही काढलं आहे. महिनाअखेर वडापाववर काढली.

म्हणून मी बाजारात गेलो आणि अक्कल पाजळली. दुकानदारानं तीन-चार प्रकारचे डबे मांडले. त्यातला टोकदार छर्‍यांचा डबा स्वस्त होता. टोकाला चकचकीत पोलादी कण बसवलेला. "एकदम पॉवरफुल माल," दुकानदार म्हणाला. मी दोन डबे उचलले.

रेंजवर सरांनी डबा उघडला, दहा-बारा छर्रे टेबलावर ओतले आणि ड्रॉवरमधून जुन्या स्पीकरचं चुंबक काढून त्यांच्यावरून फिरवलं. सगळेच्या सगळे टपाटप चिकटले.

"हे इथं चालणार नाहीत. परत घेऊन जा."

बॅच सुरू होती, सर पुढच्या मुलाकडे वळले. कारण काही सांगितलं नाही. दुकानदारानं फोडलेला डबा परत घेतला नाही. मला वाटलं, नियम म्हणजे नुसता ताठा. महागडे छर्रे खपवायचे असतील, दुसरं काय?

दिवाळीची सुटी

तो राग घेऊन मी दिवाळीत रूम पार्टनरच्या गावी गेलो. ज्वारीवरची पाखरं उडवायला त्याच्या घरी एक जुनी एअरगन आहे. छर्रे फुकट का घालवायचे, म्हणून आम्ही गोठ्याच्या भिंतीला एक फुटका लोखंडी तवा टेकवला आणि दहा-बारा पावलांवरून सुरुवात केली. पहिले तीन टण्ण टण्ण वाजले, आम्ही खूश. चौथा मी मारला. टण्ण आवाज आला आणि त्याच क्षणी माझ्या बाजूला उभा असलेला पार्टनर डोळ्यावर हात धरून खाली बसला.

त्याला जाड भिंगाचा चष्मा आहे. उजव्या भिंगावर, बरोबर मधोमध, चवली-पावलीएवढी कपची उडाली होती. डोळ्याला काही झालं नाही. पण ते कळेपर्यंत गेलेली दोन मिनिटं मी विसरू शकत नाही. त्याच्या आईनं काही न बोलता एअरगन उचलली आणि माळ्यावर टाकली. मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. चष्मा नसता तर हा लेख मी लिहिला नसता, आणि आम्ही अजून रूम पार्टनर असतो की नाही कुणास ठाऊक.

सुटीनंतर मी सरांकडे गेलो, घडलेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "का चालत नाहीत, ते आता सांगा." त्यांनी सांगितलेलं आणि मग लायब्ररीत नि लॅबमध्ये बसून मी पडताळलेलं पुढे देतो आहे.

छर्रा आपटतो तेव्हा

१० मीटर एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. वजन साधारण ०.५३ ग्रॅम. नळीतून निघताना वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. फर्स्ट इयरचं सूत्र लावा: ऊर्जा येते साडेसात ज्यूलच्या आसपास. एक किलोचा साखरेचा पुडा पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पडला तर जमिनीवर जेवढी ऊर्जा पोचेल, साधारण तेवढी. आकडा फार मोठा वाटत नाही, पण ती सगळी एका साबुदाण्याएवढ्या जागेवर येते.

टार्गेटच्या मागे पोलादी पत्र्याची पेटी असते. आतला पत्रा तिरका असतो, म्हणजे छर्रा आपटून खाली ट्रेमध्ये पडावा. आता छर्रा शिशाचा असेल तर काय होतं? शिसं म्हणजे धातूंमधलं लोणीच म्हणा ना. ब्रिनेल हार्डनेस जेमतेम ४-५, तर साध्या माइल्ड स्टीलचा १२० च्या आसपास. पत्र्यावर आपटला की छर्रा चपटा होतो, आणि बरीचशी ऊर्जा त्या चपटं होण्यातच खर्च होते. मटेरियल सायन्सच्या सरांनी यात एक भर घातली: शिशाचं रिक्रिस्टलायझेशन खोलीच्या तापमानालाच होतं, त्यामुळे ठोकून ठोकून ते कठीण होत नाही. मऊ ते मऊच राहतं.

पोलादी टोकाचं उलट. पोलाद पोलादावर आपटलं की दोन्ही किंचित दबतात आणि स्प्रिंगसारखी उसळतात. ऊर्जा जिरत नाही, परत फिरते. आमच्या तव्यानं तेच केलं. वर तो तिरका नव्हता, सरळ आमच्याकडे तोंड करून उभा होता.

शिसं कधीच उलटत नाही, असं मात्र समजू नका. वेग कमी असला किंवा समोर लाकूड-रबर असलं तर शिशाचा छर्राही परत येतो. म्हणून चष्मा कुठल्याही छर्‍याला हवाच. आमच्या रेंजवर आता मी स्वतः नव्या पोरांना चष्मा देतो.

दुसरं कारण नळीचं. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या छर्‍याला फिरकी देतात. छर्‍याची मागची बाजू पोकळ घागर्‍यासारखी असते. हवेच्या दाबानं हा घागरा फुलतो, खाचांत घट्ट बसतो आणि हवा बाजूनं निसटू देत नाही. हे सगळं शिसं मऊ आहे म्हणून जमतं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी गोळ्याही मिळतात, बॉल बेअरिंगसारख्या. त्या खाचांत बसत नाहीत, उलट खाचा खरवडतात. लाखांच्या घरातल्या मॅच रायफलची नळी शंभर-दोनशे रुपयांच्या गोळ्यांनी खराब करायची, हे कुठल्या रेंजला परवडेल?

डोकं सपाट का?

आता तुम्ही म्हणाल, पोलाद नको हे समजलं, पण शुद्ध शिशाचा टोकदार छर्रा का नको? आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात आकाराचं बंधन नाही. छर्रा शिशाचा किंवा तशाच मऊ पदार्थाचा हवा, एवढंच त्यात म्हटलं आहे. पण रेंज सपाट डोक्याचाच मागते, कारण कागद.

सपाट डोक्याचा छर्रा पंचिंग मशीनसारखा कागद कापतो. भोक गोल आणि स्वच्छ. टोकदार छर्रा कागद फाडत जातो आणि चांदणीसारख्या चिंध्या ठेवतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका असतो. त्याच्या बाहेर प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. तिथं भोकाची कडा फाटकी असेल तर गुण द्यायचे कसे? इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलेल्या रेंजवरही सपाटच वापरतात. टोकदार आणि गोल डोक्याचे छर्रे लांबवर वेग टिकवतात हे खरं, पण १० मीटरवर त्याचा काही उपयोग नाही.

आणि .२२ ची काडतुसं? कुसाळे, किंवा २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झालेली आपली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, यांची रायफल .२२ ची. तिची गोळीही शिशाचीच. पण ती सुमारे २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या घरात, म्हणजे ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास. आपल्या छर्‍याच्या जवळजवळ एकोणीसपट. १० मीटरच्या हॉलमधली पेटी तिच्यासाठी बनलेलीच नसते. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, .२२ ला लागतो. म्हणून बहुतेकांचा श्रीगणेशा १० मीटरवरच होतो. त्यात काही कमीपणा नाही. हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २००८ मध्ये अभिनव बिंद्राचं सुवर्ण यातलंच.

टेक्सासमधलं चुंबक

हे सगळं मी मेलवर आमच्या एका सीनियरला कळवलं. तो टेक्सासमध्ये एमएस करतो आहे. त्याचं उत्तर आलं: "अरे, माझ्याही गोळ्या चुंबकानंच परत पाठवल्या!"

तिकडे रायफल चालवणं हा शनिवार-रविवारचा छंद असतो आणि इनडोअर रेंजवर मोठ्या रायफलीही चालतात. मित्राच्या ७.६२ × ३९ च्या रायफलसाठी यानं सर्वांत स्वस्त काडतुसं घेतली, पोलादी केसची. काउंटरवरच्या माणसानं गोळीच्या टोकाला चुंबक लावलं, ते चिकटलं आणि डबा परत. याचं म्हणणं, "डब्यावर लिहिलंय की आत शिशाचा गाभा आहे!" ते खरंही होतं. पण गाभ्यावरचं आवरण होतं बायमेटल, म्हणजे पोलादाच्या पातळ पत्र्यावर तांब्याचा मुलामा. चुंबकाला बाहेरचं पोलाद आणि आतलं पोलाद यातला फरक कळत नाही. रेंजवाला प्रत्येक गोळी कापून बघू शकत नाही. म्हणून चिकटली की बाद, हा सरसकट नियम.

कारणं मात्र आपल्यासारखीच, फक्त मोठ्या मापात. मागच्या भिंतीला कठीण पोलादी प्लेटा असतात. पोलादी गाभ्याची गोळी त्यांना खड्डे पाडते, आणि खड्डा पडला की पुढची गोळी कुठल्या दिशेला उडेल याचा भरवसा राहत नाही. .२२३ मध्ये हिरव्या टोकाची एक लष्करी जातीची गोळी मिळते, तिच्या टोकात पोलादी तुकडा असतो. बहुतेक इनडोअर रेंजवर ती याच कारणानं बंद. दुसरं, पोलाद पोलादावर घासलं की ठिणगी पडते. रेंजच्या जमिनीवर न जळलेल्या दारूचे कण साचलेले असतात, काही ठिकाणी गोळ्या अडवायला रबराचा चुरा भरलेला असतो. बंद हॉलमध्ये ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. तिसरं कारण निव्वळ भंगाराचं! रिकामी पितळी केस विकून रेंजला पैसे मिळतात. पोलादी केस त्यात मिसळल्या की निवडत बसावं लागतं.

तिथला सगळ्यांत स्वस्त माल बरीच वर्षं रशियातून यायचा. २०२१ मध्ये अमेरिकेनं रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणं थांबवलं आणि तो झरा आटत गेला. मग सीनियरनं काय केलं? आधी रेंजला फोन करून काय चालतं ते विचारलं. काही रेंजवर फक्त त्यांच्याच काउंटरवरचा माल चालतो, तेही त्यातच कळलं. मग डबा वाचायला शिकला: केस पितळी, गाभा शिशाचा, आवरण तांब्याचं. नुसतं 'फुल मेटल जॅकेट' लिहिलेलं पुरत नाही, मेटल कुठलं ते बघायचं. अशी काडतुसं मोठ्या खोक्यानं चौघांत मिळून घ्यायची, आणि रोजच्या सरावाला .२२ वापरायची. त्याचं शेवटचं वाक्य मला आवडलं: "स्वस्त म्हणजे जे रेंजच्या दारातून आत जातं त्यातलं स्वस्त. दाराबाहेर राहिलेलं सगळ्यात महाग."

माझे दोन डबे आठवले.

लॅबमधला उद्योग

तर आता प्रश्न उरला: सपाट डोक्याच्या, शिशाच्या, म्हणजे चालणार्‍या छर्‍यांत स्वस्त कोणता घ्यावा? सरावाचा डबा आणि मॅचचा डबा यांच्या भावात दुप्पट-अडीचपट फरक असतो. महागाचे पैसे कशाचे?

केमिस्ट्री लॅबमध्ये ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवणारा तराजू आहे. लॅबच्या काकांना चहा पाजला (त्यांनीच मला पाजला, खरं सांगायचं तर) आणि दोन्ही डब्यांतले पन्नास-पन्नास छर्रे एकेक करून तोलले. मॅचच्या डब्यातले सगळे एक टक्क्याच्या आत बसले. सरावाच्या डब्यात सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांत सुमारे चार टक्के फरक निघाला. काही छर्‍यांचे घागरेही चेपलेले होते.

चार टक्क्यांनी किती बिघडतं? छर्‍याला १० मीटर जायला सुमारे ०.०५९ सेकंद लागतात. तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणानं १७ मिलिमीटर खाली येतो. ऊर्जा तीच धरली तर हे पडणं वजनाच्या प्रमाणात बदलतं. एक टक्का जड छर्रा ०.१७ मिलिमीटर जास्त पडेल, चार टक्के जड ०.७ मिलिमीटर. दशांश गुणांच्या हिशेबात ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण, म्हणजे ०.३ गुणाच्या आसपास. अव्वल खेळाडूला हा फरक झोप उडवणारा आहे. तुम्हा-आम्हाला?

ते बघायला रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून दोन्ही प्रकारचे दहा-दहा छर्रे मारले. सगळी भोकं जिथं पडली त्या पुंजक्याची रुंदी कडेपासून कडेपर्यंत मोजायची आणि छर्‍याचे ४.५ मिलिमीटर वजा करायचे, म्हणजे खरा पसारा कळतो. मॅचच्या छर्‍यांचा पसारा आला २ मिलिमीटर, सरावाच्यांचा ६. मग पिशवी काढून मी उभ्यानं मारले. पसारा ३० मिलिमीटर!

दोन स्वतंत्र चुका एकत्र येतात तेव्हा त्यांची सरळ बेरीज होत नाही, ढोबळमानानं वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ येतं. ३० आणि ६ यांचं उत्तर ३०.६. म्हणजे स्वस्त छर्‍यानं माझं नुकसान केलं अर्ध्या मिलिमीटरचं, बाकीचे तीस माझ्या स्वतःच्या हातांचे! पण समजा उद्या माझा स्वतःचा पसारा ८ वर आला. तेव्हा ८ आणि ६ यांचं उत्तर १०. आता मात्र छर्रा खिशातून गुण काढायला लागला.

माझ्या मते सगळ्या खरेदीचं सूत्र यातच आहे. तुमचा पसारा छर्‍याच्या पसार्‍याच्या तिप्पट-चौपट आहे तोवर महाग डब्याला हात लावू नका.

तर मग घ्यायचं कसं?

पहिलं, दुकानात जायच्या आधी रेंजवर विचारा. दोन मिनिटांचं काम आहे, माझं दोन डब्यांचं नुकसान त्यानं वाचलं असतं.

दुसरं, खिशात चुंबक ठेवा. चिकटलं तर तो डबा बाद. न चिकटलं म्हणून लगेच शिसं समजू नका. जस्त-कथलाच्या मिश्रधातूचे छर्रेही चिकटत नाहीत. ते हलके, कठीण आणि बहुधा महाग असतात. डब्यावर काय लिहिलं आहे ते वाचाच.

तिसरं, डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिसतील. ते डोक्याचा व्यास सांगतात. कुठल्या नळीला कुठला आकडा मानवतो ते वाळूच्या पिशवीवरच कळतं. मोठे खेळाडू तर एकाच लॉटचे डबे तपासून साठवून ठेवतात. आपण निदान एका लॉटचे दोन-तीन डबे एकत्र घ्यावेत.

चौथं, हिशेब डब्याचा नाही, महिन्याचा करा. भाव बदलत राहतात म्हणून आकडे फक्त समजा धरून देतो. सरावाचा डबा ४०० चा, मॅचचा १००० चा. आठवड्याला ४०० छर्रे म्हणजे महिन्याला १६००, म्हणजे ३.२ डबे. एकीकडे १२८० रुपये, दुसरीकडे ३२००. महिनाभर सराव स्वस्तात करायचा आणि मॅचचा डबा स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यासाठी ठेवायचा, हा मधला मार्ग.

पाचवं, सगळ्यांत स्वस्त छर्रा म्हणजे न मारलेला छर्रा! मॅच रायफलमध्ये रिकाम्या सरावाची सोय असते. ट्रिगर दाबल्याचा अनुभव मिळतो, छर्रा जात नाही. सर आम्हाला अर्धा वेळ तेच करायला लावतात. पण स्प्रिंगच्या साध्या एअरगनवर हे करू नका. समोर छर्रा नसला की पिस्टन जोरात आपटतो आणि वॉशर-स्प्रिंगची वाट लागते.

आणि एक, शिसं विषारी आहे हे विसरू नका. छर्रे हाताळून तसंच मेसच्या पोळीला हात लावायचा नाही, साबणानं धुवायचे. पुढचा छर्रा तोंडात धरून ठेवायची काहींना सवय असते, ती आजच सोडा. ट्रेमधलं शिसं रेंजला भंगारवाल्याकडे देऊ द्या. रूमवर हीटरवर वितळवून बघायचा मोह एका महाभागाला झाला होता, तो वेळीच आवरला. एअरगन रूमवर आणायची नाही, हे तर सांगायलाही नको.

एक विनंती

आज आपल्या कॉलेजातले सात जण रेंजवर येतात. सातही जण वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या लॉटचे, सुट्या भावानं डबे आणतात. जिमखान्यानं वर्षातून दोनदा सगळ्यांसाठी एकाच लॉटचे सरावाचे डबे एकत्र घेतले आणि आमच्याकडून पैसे कापून घेतले, तर प्रत्येकाचं काहीतरी वाचेल. फुकट काही नको. मात्र पुढच्या वर्षी येणार्‍या पोराला मेस की डबा, असं बसून ठरवावं लागू नये. दोन मुलं याच हिशेबापायी सोडून गेली, त्यातल्या एकाचा हात माझ्यापेक्षा खूप स्थिर होता.

माझा पसारा सध्या १४ वर आहे. तरी अजून काही महिने स्वस्त डबाच. ते पोलादी टोकाचे उरलेले छर्रे मी फेकले नाहीत. स्पीकरच्या चुंबकाला चिकटवून टेबलावर ठेवले आहेत. पार्टनरनं जुन्या चष्म्याचं ते कपची उडालेलं भिंग शेजारी ठेवलं आहे. नवीन कुणी रूमवर आलं आणि "हे काय रे?" म्हणून विचारलं, की तोच सांगायला सुरुवात करतो. माझ्यापेक्षा चांगला सांगतो.